वाळूसाठी कोणतं मॉडेल घ्यावं? खड्डा खोदला की मागची जमीन वर येतेय

तळघर
नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची, तीन वर्षं जिओटेक्निकल कन्सल्टन्सीत आहे, सध्या नॉयडात. आजवर मुरूम, काळी माती आणि बेसॉल्ट एवढंच पाहिलं होतं. इथे जिथे बोअर घ्यावं तिथे यमुनेची वाळू.

काम असं आहे. दोन मजली तळघर, साडेनऊ मीटर खोदाई. कडेने ६०० मिमी व्यासाच्या पाइल्सची (जमिनीत उतरवलेल्या खांबांची) १६ मीटर खोल भिंत, वरून अडीच मीटरवर अँकरची (भिंतीला मागच्या जमिनीत धरून ठेवणारे ताण) एक रांग. पाणी सहा मीटरवर आहे, ते आधी उतरवणार. भिंतीपासून सात मीटरवर जुनी चार मजली इमारत, साध्या फुटिंगवर उभी. त्यामुळे भिंत टिकेल का, याची मला तेवढी धास्ती नाही. त्या इमारतीखालची जमीन किती खचेल, हे सांगायचं आहे.

प्लॅक्सिसमध्ये (जमिनीचं गणित करणारं सॉफ्टवेअर) मातीच्या वागण्याचं मोहर-कुलंब मॉडेल घेतलं. ई (ताठपणा) ३० मेगापास्कल, फाय (घर्षणाचा कोन) ३३ अंश, साय (सरकताना फुगण्याचा कोन) ३ अंश, कोहिजन (चिकटपणा) १ किलोपास्कल (गणित अडू नये म्हणून). तर खड्ड्याचा तळ ९० मिमी फुगला आणि भिंतीमागची जमीन खचायच्या ऐवजी ११ मिमी वर आली. शेजारची इमारत उचलली जाईल, असं रिपोर्टात कसं लिहू? साहेब म्हणाले, ई वाढव. तिप्पट केला. आकडे लहान झाले, इमारत वरच. मग मेश (गणितासाठी जमिनीची केलेली जाळी) ३० मीटरवरून ६० मीटर खोल करून पाहिली, तर तळ आणखी फुगला.

यादीत डझनभर मॉडेलं दिसतात. हातात एसपीटी (बोअरमध्ये हातोड्याचे ठोके मोजायची चाचणी, ठोक्यांचा आकडा म्हणजे एन), चाळणी आणि तीन डायरेक्ट शिअर (वाळू आडवी सरकवून ताकद मोजायची चाचणी), बस. कुठून सुरुवात करू?

जुना_धरणवाला
तुमचं इनपुट चुकलेलं नाही. मोहर-कुलंबचा स्वभावच तसा आहे, आणि मेश खोल केल्यावर तळ आणखी फुगला यावरून तर खात्रीच होते.

या मॉडेलला वाळू मोडते कधी एवढंच कळतं. मोडेपर्यंत ती त्याच्या लेखी एकाच ताठपणाची स्प्रिंग असते. खऱ्या वाळूवरचा भार काढला तर ती भार घालतानापेक्षा साधारण तिपटीने ताठ वागते. शिवाय दाब वाढेल तसा, म्हणजे खोलीबरोबर, तिचा ताठपणा वाढतो. खोदाई म्हणजे तळाखालच्या वाळूवरचं दीडशे किलोपास्कलचं ओझं उतरवणं. तुमच्या मॉडेलमध्ये ते ओझं उतरल्यावर खालची तीस मीटर वाळू त्याच मऊ ई ने वर उसळते. साठ मीटर दिली तर साठ मीटर उसळते. आणि वर येताना भिंत आणि मागची जमीन दोघींना उचलून नेते. ई तिप्पट केल्याने दिशा बदलणार नाही, कारण सगळं एकाच प्रमाणात आकसतं.

मोहर-कुलंबला टाकाऊ म्हणू नका. भिंत किती खोल रुतवायची, उतार किती सुरक्षित आहे, फुटिंग कितीला मोडेल, या प्रश्नांना ते आजही मला पुरतं. ‘किती हलेल’ हा प्रश्न मात्र त्याला विचारू नये.

बर्लिनचं उदाहरण ऐका. तिथल्या वाळूतल्या १६.८ मीटर खोल, तीन अँकर-रांगांच्या खोदाईचा प्रश्न जर्मनीतल्या जिओटेक्निकल सोसायटीच्या कार्यगटाने अनेक जणांना सोडवायला दिला होता. ग्राझच्या हेल्मुट श्वाइगर यांनी २००२ मध्ये ते निकाल मांडले. सगळे या कामात मुरलेले लोक, भूमिती एक, माती एक. तरी कुणाची भिंत खड्ड्याकडे दोनशे मिमीच्या पुढे गेली, कुणाची उलट मातीकडे. प्रत्यक्ष मोजणी काही सेंटिमीटरची होती. फरक पडला तो मॉडेल आणि ताठपणा निवडण्यात. तो तक्ता मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं, कारण तोवर मीही ई एकच आकडा धरत आलो होतो.

तळघर
काका, अगदी हेच होतंय. मला अरे-तुरे करा, मी लहान आहे. मग हार्डनिंग सॉइल घेऊ का?

जुना_धरणवाला
बरं, तर ऐक. हो, तुझ्या प्रश्नाला तेच. हे मॉडेल शांझ, फर्मीर आणि बोनिए यांनी १९९९ मध्ये मांडलं. मूळ कल्पना डंकन आणि चँग यांच्या १९७० च्या हायपरबोलाची, फक्त ती प्लास्टिसिटीच्या चौकटीत नीट बसवली. यात ताठपणाचे तीन आकडे येतात: ई-५० (मोडायच्या निम्म्या भारापर्यंतचा), ईडोमीटरचा ई (कडेने पसरू न देता दाबल्यावरचा), आणि भार काढताना-परत घालतानाचा ई-यूआर. तिन्ही १०० किलोपास्कल दाबाला द्यायचे. दाबाबरोबर ते कसे वाढावेत हे एम ठरवतो, आणि वाळूसाठी एम ०.५ च्या आसपास असतो.

तुझी इमारत सात मीटर दूर आहे. तिथे स्ट्रेन (आकारातला बदल) अगदी बारीक असणार, दहा हजारात एकाच्या घरात. इतक्या बारीक स्ट्रेनला वाळू ई-यूआरपेक्षाही कितीतरी ताठ असते. म्हणून साधं हार्डनिंग सॉइल न घेता त्याचा स्मॉल-स्ट्रेन अवतार घे. थॉमस बेंझ यांच्या २००७ च्या कामातून तो आला. जी-शून्य (अगदी बारीक स्ट्रेनला असलेला शिअरचा ताठपणा) आणि गॅमा-०.७ (तो ताठपणा साधारण सत्तर टक्क्यांवर येतो तो स्ट्रेन) एवढे दोनच जादा आकडे लागतात. हे दोन नसले की दूरची जमीन उगाच हलते, आणि खचण्याचा खळगा खऱ्यापेक्षा पसरट दिसतो.

ट्रायअॅक्शियल (नमुन्यावर चहूबाजूंनी दाब ठेवून वरून भार द्यायची चाचणी) नसेल तर ब्रिंकग्रेव्ह आणि सहकाऱ्यांची २०१० ची सूत्रं आहेत, सगळे आकडे रिलेटिव्ह डेन्सिटीवरून (वाळू किती दाट बसली आहे त्याची टक्केवारी) निघतात. घनता ६० टक्के धरली तर ई-५० येतो ३६ मेगापास्कल, ई-यूआर १०८, जी-शून्य सुमारे १०१, एम ०.५१, फाय ३५.५, साय ५.५. पहिल्या फेरीला एवढं पुरे.

बोअरहोल
काका म्हणतात ती सूत्रं क्वार्ट्झच्या वाळूची आहेत. ताई, यमुनेची वाळू एकदा तळहातावर घेऊन उन्हात धरा. चमचम दिसते ते अभ्रक. पापुद्र्यासारखे कण आडवे पडतात, वाकतात, मध्ये पोकळ्या धरून ठेवतात. एन तोच असला तरी अशी वाळू जास्त दबते. मी त्या पट्ट्यात सहा वर्षं बोअर घेतले आहेत. सूत्राचा ई-५० डोळे झाकून घेऊ नका.

आणि तुमचा एन तरी खरा आहे का? आयएस २१३१ प्रमाणे ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पडायला हवा. दोरी-कप्पीवर दोन माणसं ओढत असली तर दुपारनंतर तो साठवरूनच सुटतो. त्याहून मोठा घोळ पाण्याचा. बोअरमधलं पाणी बाहेरच्या भूजलाच्या खाली गेलं की तळाची वाळू उकळल्यासारखी वर येते, सैल होते, आणि एन १० मिळतो जिथे २० असायला हवा. रॉड काढताना बोअर काठोकाठ भरलेलं ठेवायला लागतं. लॉगवर (बोअरच्या नोंदीवर) सहा-सात मीटरला एन अचानक पडलेला दिसला तर आधी ड्रिलरला फोन करा, मॉडेल नंतर.

तळघर
६.५ मीटरला एन ९ आहे, वर १८, खाली २२. तुम्ही लिहिलं तेव्हा मी लॉग उघडून बसले होते, अंगावर काटा आला. उद्या साइटवर जाते.

कार्ल्सरूहकर
थोडं वेगळं मत मांडतो. मी इथे जर्मनीत कार्ल्सरूहला वाळूवरच पीएचडी करतोय, आणि या गावाला हायपोप्लास्टिसिटीचं (वाळूच्या मॉडेलांचा एक वेगळा प्रकार) माहेरघर म्हटलं तरी चालेल.

हार्डनिंग सॉइलमधली मला खटकणारी गोष्ट: त्याला पोकळी किती आहे याचं भान नाही. एकच वाळू सैल असेल तर एक संच, दाट असेल तर दुसरा. म्हणजे मॉडेलच्या लेखी त्या दोन वेगळ्या माती झाल्या. पण कण तर तेच आहेत! वाळूचं सगळं वागणं दोन गोष्टींवर चालतं, ती किती दाटीने बसली आहे आणि तिच्यावर दाब किती आहे. कासाग्रांदेंनी १९३६ मध्येच दाखवलं होतं की सैल वाळू सरकताना आकसते, दाट वाळू फुगते, आणि शेवटी दोघी एकाच पोकळीला येऊन थांबतात.

कोकणात समुद्रावर गेला असाल तर हे पायाने अनुभवलं असेल. लाट ओसरल्यावर ओल्या, घट्ट वाळूवर पाय टाकला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, फिकट पडते. दाबल्यावर पाणी वर यायला हवं, पण आत जातं. कारण दाट बसलेले कण सरकायला एकमेकांवर चढतात, पोकळी वाढते, आणि वरचं पाणी तिथे ओढलं जातं. पाय उचलला की ठसा पाण्याने भरतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये याला डायलेटन्सी म्हटलं. गुहागरला आजोबांबरोबर चालताना मी त्यांना याचं कारण विचारलं होतं. ते म्हणाले होते, वाळूला तहान लागते. आज अभ्यास करताना वाटतं, मॉडेलला ही तहान कळली पाहिजे.

फॉन वोल्फर्सडॉर्फ यांच्या १९९६ च्या मॉडेलमध्ये आठ पॅरामीटर आहेत आणि ते कणांचे आहेत, घनतेचे नाहीत. पोकळीचं प्रमाण वेगळं द्यायचं. फाय-सी (क्रिटिकल कोन, म्हणजे शेवटी पोकळी बदलायची थांबल्यावरचा घर्षणाचा कोन) तर नरसाळ्याने मिळतो: कोरडी वाळू नरसाळ्यात भरायची, टोक टेबलाला टेकवायचं आणि नरसाळं इतकं हळू उचलायचं की वाळू पडत नाही, नुसती वाहते. जो ढीग बनतो त्याची उंची आणि पाया मोजला की कोन मिळाला. वाऱ्याची झुळूक लागली तरी अर्धा अंश इकडे-तिकडे होतो, म्हणून मी पंखा बंद करून दहा वेळा करतो. सैल आणि दाट हद्दीच्या पोकळ्या नेहमीच्या कमाल-किमान घनतेच्या चाचणीतून, दोन आकडे सैल नमुन्याच्या ईडोमीटरवरून, अल्फा (दाट वाळूची जादा ताकद ठरवणारा आकडा) दाट नमुन्याच्या ट्रायअॅक्शियलवरून. बारीक स्ट्रेनसाठी नीमुनिस आणि हेर्ले यांची १९९७ ची जोड लागतेच. ती नसेल तर भार उलटसुलट झाला की मॉडेल भलतंच वाहवत जातं.

जुना_धरणवाला
मॉडेल म्हणून तू म्हणतोस ते श्रेष्ठ आहे, मान्य. पण नॉयडाच्या जमिनीतलं पोकळीचं प्रमाण हिने आणायचं कुठून? वाळूचा अखंड नमुना निघत नाही. एसपीटीवरून घनता, घनतेवरून पोकळी, आणि ती ०.०५ ने चुकली की हायपोप्लास्टिकचं उत्तरही तितकंच चुकतं. शिवाय रिपोर्ट तपासणाऱ्याला हार्डनिंग सॉइलचे आकडे वाचता येतात.

कार्ल्सरूहकर
काका, पोकळीची अडचण खरी आहे. पण तीच अनिश्चितता हार्डनिंग सॉइलमध्येही आहे, फक्त ती ई-५० च्या आत लपून बसते. आणि एक फायदा बघा: पॅरामीटर कणांचे असल्यामुळे विस्कटलेला नमुनाही चालतो. अखंड नमुना मिळत नाही, या दुखण्यावर हाच तर इलाज आहे.

जुना_धरणवाला
विस्कटलेल्या नमुन्याचा मुद्दा पटला. मी असा विचार केला नव्हता. तरी हिच्या हातात चार आठवडे आहेत आणि सॉफ्टवेअरमध्ये हायपोप्लास्टिक बाहेरून जोडावं लागेल. या कामाला मी हार्डनिंग सॉइल स्मॉलच म्हणेन. तिथे पाइल ठोकायच्या असत्या, म्हणजे घनताच बदलणार असती, तर तुझ्या बाजूने मत दिलं असतं.

फायबद्दल एक राहिलं. बोल्टन यांचा १९८६ चा लेख शोधून वाच. ६० टक्के घनता, १५० किलोपास्कल सरासरी दाब: त्यांच्या सूत्राने ट्रायअॅक्शियलमध्ये क्रिटिकल कोनावर ६ अंशांची भर पडते, प्लेन स्ट्रेनमध्ये (लांब भिंतीसारखं, एका दिशेला हालचालच नाही असं धरून) १० अंशांची. तीच वाळू १००० किलोपास्कलला नेली तर ट्रायअॅक्शियलमधली भर अडीच अंशांवर येते, कारण दाब कणांना एकमेकांवर चढू देत नाही. म्हणून ‘या वाळूचा फाय किती’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं. आणि साय वाढवून फाय वाढल्यासारखं दाखवू नकोस. मोहर-कुलंबमध्ये वाळू कायम फुगत राहते, खरी वाळू क्रिटिकलला पोचली की थांबते.

कच्छवरून
उशिरा आले. मी गांधीधामला असते, बंदराच्या कामांवर. वरची चर्चा स्थिर भाराची आहे, पण दिल्लीच्या पट्ट्यात पाण्याखाली सैल, बारीक वाळू म्हटल्यावर भूकंपाचा प्रश्न येणारच. तेव्हा हार्डनिंग सॉइल स्मॉल घेऊन द्रवीकरण (भूकंपात पाण्याखालची वाळू पातळ होऊन वाहणं) तपासलं असं कुणी म्हणालं तर थांबवा. ते मॉडेल हिस्टेरिसिस (भार चढता-उतरताना वाया जाणारी ऊर्जा) दाखवतं, पण आवर्तनागणिक साचत जाणारा पोअर प्रेशर (पोकळीतल्या पाण्याचा दाब) दाखवत नाही.

२६ जानेवारी २००१ ला काय झालं ते इथे अजून दिसतं. चांग धरणाच्या पायातली वाळू द्रवली आणि बांध बसला. कांडल्याच्या बंदरातला कस्टम टॉवर पाइलवर उभा होता, तरी कलला, माथ्याशी साधारण ३० सेंटिमीटर. पाइलवर आहे म्हणून निश्चिंत राहायला तेव्हापासून मी तयार नसते.

यासाठी वेगळी मॉडेलं आहेत. यूबीसी-सँड जुनं. पीएम-४-सँड बूलांजर आणि झिओटोपूलू यांचं, डफालियास-मंझारींच्या चौकटीवर उभं, प्लेन स्ट्रेनसाठी. मुख्य पॅरामीटर तीनच: घनता, जी-शून्य आणि एचपी-शून्य (वाळू आवर्तनागणिक किती आकसते ते ठरवणारा). दुरुस्त केलेला एन भागिले ४६, त्याचं वर्गमूळ म्हणजे घनता. १४ असेल तर ०.५५. जी-शून्य शिअर वेव्ह वेगावरून. एचपी-शून्य शेवटी, एकाच एलिमेंटवर (मेशच्या एका तुकड्यावर) अनड्रेन्ड, म्हणजे पाणी बाहेर जाऊ न देता, सिंपल शिअर चालवून: साडेसात तीव्रतेसाठी १५ आवर्तनांत ३ टक्के स्ट्रेन यायला जेवढा स्ट्रेस लागावा असं एसपीटीचा तक्ता सांगतो, तेवढाच लागेपर्यंत तो आकडा फिरवायचा. तो जुळल्याशिवाय पूर्ण मेश चालवू नका, आठवडा वाया जातो.

आणि अनड्रेन्डमध्ये मोहर-कुलंबला साय शून्याहून मोठा कधीही देऊ नये. वाळूला फुगायचंय, पाणी फुगू देत नाही, पोअर प्रेशर खाली खाली जात राहतो आणि ताकद वाढतच जाते. मॉडेलमध्ये काही मोडतच नाही. मी एका धक्क्याच्या भिंतीला सुरुवातीच्या वर्षांत हे केलं होतं. तपासणाऱ्याने नाही, माझ्या मेव्हण्याने पकडलं, तो मेकॅनिकलचा आहे. ‘ही भिंत कितीही ढकलली तरी कशी पडत नाही?’ एवढंच त्याने विचारलं.

तळघर
तीन आठवड्यांनी येतेय, सगळ्यांचे मनापासून आभार.

ड्रिलर म्हणाला, ६.५ मीटरला पाणी घालायला टँकर आला नव्हता. शेजारी नवा बोअर घेतला, त्याच खोलीला एन १९ आला. त्या एका आकड्यावर मी एक सैल थर बनवून ठेवला होता, तो काढून टाकला.

लॅबवाल्यांच्या मागे लागून तीन ड्रेन्ड ट्रायअॅक्शियल करून घेतल्या, ५०, १०० आणि २०० किलोपास्कलला, प्रत्येकीत मध्ये एकदा भार उतरवून परत चढवला. नमुने घडवताना मी तिथेच होते. वाळू वाळवून नरसाळ्याने ठराविक उंचीवरून साच्यात सोडत होते. उंची वाढवली की दाट बसते, कमी केली की सैल. ६० टक्के घनता येईपर्यंत सात नमुने फुकट गेले. बोअरहोलदादा, अभ्रक खरंच दिसलं, मेंब्रेनला आतून चिकटून राहतं.

ई-५० आला २४ मेगापास्कल, सूत्राचा ३६ होता. ई-यूआर ८५. फाय ३४.५. मग प्लॅक्सिसच्या सॉइल टेस्टमध्ये एकच एलिमेंट घेऊन तिन्ही वक्र परत काढले. १०० आणि २०० चे बसले. ५० चा माथा मोजलेल्यापेक्षा खाली राहिला, तो तसाच ठेवला, कारण माझ्या खड्ड्याभोवती महत्त्वाचा दाब १०० ते २०० मध्येच आहे.

आता तळ २६ मिमी फुगतो. मेश खोल केली तरी दीड मिमीच फरक. भिंतीमागची जमीन खचते: इमारतीच्या जवळच्या कडेला ६ मिमी, लांबच्या कडेला २. सूत्राचे आकडे घालून पाहिले तर जवळच्या कडेला ४ येतात. रिपोर्टात दोन्ही दिले आहेत. पीएम-४-सँडचं काम वेगळं मंजूर करून घेतलं, शिअर वेव्हची चाचणी पुढच्या आठवड्यात.

कार्ल्सरूहकर, उरलेली वाळू दोन गोणी ठेवली आहे. पंखा बंद करून ढीग केला, ३२ अंश आला. ईडोमीटर झालं की आकडे पाठवते, तुम्ही तुमचं मॉडेल चालवून बघाल का?

कार्ल्सरूहकर
नक्की. कमाल-किमान घनता आणि भिंतीची पूर्ण भूमितीही पाठवा. तुमचे ६ मिमी मला आधी सांगितलेत ते बरं नाही झालं, पण मी त्याकडे बघून काही जुळवणार नाही.

बोअरहोल
इन्क्लिनोमीटर (भिंत खोलीगणिक किती कलते ते मोजणारं यंत्र) बसवताय ना? पाइलमध्ये केसिंग टाकल्यावर खोदाई सुरू व्हायच्या आधी किमान तीन दिवस वेगवेगळ्या वेळी रीडिंग घ्या, आणि खालचं टोक हलत नाही असं धरू नका, माथा टोटल स्टेशनने (सर्वेक्षणाच्या यंत्राने) वेगळा मोजा. इमारतीवरचे सेटलमेंट पॉइंट (खचणं मोजायच्या खुणा) पाणी उतरवायच्या आधीपासून. पंप सुरू झाला की जमीन थोडी बसतेच, ती खोदाईच्या नावावर जायला नको.

तळघर
पंप सोमवारी सुरू होणार होते. साहेबांशी बोलले, गुरुवारपर्यंत थांबवलेत. चार पॉइंट आज संध्याकाळी लागले.